मर्यादेची वाट

थंडीचे दिवस आले म्हणजे शाळा-महाविद्यालयांच्या फलकांवर वनभ्रमणाच्या आणि तंबूंतील शिबिरांच्या जाहिराती झळकूं लागतात, आणि त्यांबरोबर घरोघरीं एक जुनाच वाद नव्यानें सुरू होतो. मुलगा जाणार असेल, तर वाद पैशाचा असतो. मुलगी जाणार असेल, तर तो मर्यादेचा होतो. या खेपेस एका वाचक-भगिनीनें तो वाद पत्रानें आमच्या दारांत आणून ठेविला आहे. त्यांची सतरा वर्षांची कन्या सातपुडा राष्ट्रीय उद्यानांत, पचमढीच्या घळींतून होणाऱ्या आठ दिवसांच्या पदभ्रमणास जाऊं इच्छिते. वडिलांची ना नाहीं. परंतु मुलीचे आजोबा म्हणतात, "हीं साहेबी थेरें आहेत. आपल्या घरच्या मुली रानांत तंबू ठोकून राहत नाहींत." एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांचा शब्द मोडून सुख लागत नाहीं, आणि तो पाळावा तर मुलीचें मन मोडतें, तेव्हां तुम्हांस काय वाटतें तें लिहावें, अशी या माउलीची विनंती आहे.

परक्या घरच्या वादांत पडण्याचा आमचा स्वभाव नाहीं. परंतु आम्हीही आजोबाच आहों, आणि गेल्या पौषांत कुणकेश्वराहून आमच्या घरचीं अकरा माणसें, सहा वर्षांच्या नातवापासून तों आमच्यापर्यंत, याच घळींच्या सान्निध्यांत पांच दिवस तंबूंत राहून आलीं आहेत. कणकवलीहून मुंबई, मुंबईहून इटारसीमार्गें पिपरिया, आणि पिपरियाहून घाटरस्त्यानें पचमढी, असा तो प्रवास. तेव्हां जें पाहिलें आणि त्यावरून जें मनांत आलें, तें सांगण्यास हरकत नसावी.

प्रथम 'साहेबी थेरें' या आक्षेपाचा विचार करूं. जेम्स फोर्सिथ नांवाचा इंग्रज कप्तान १८६२ सालीं पचमढीच्या पठारावर आला. त्यानें तेथें 'बायसन लॉज' ही वास्तु उभारली, आणि १८७१ मध्यें मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एवढ्यावरून पचमढीचा शोध साहेबानें लाविला, असें म्हणण्याची रूढि पडली आहे. पण साहेब आला तेव्हां तें स्थान कांहीं ओस नव्हतें. कोरकू आणि गोंड लोक तेथें पिढ्यान् पिढ्या नांदत होते. महादेवाची गुहा होती, आणि तिची यात्राही भरत होती. त्याहीपूर्वीं कोणा अनाम माणसांनीं तेथील प्रस्तराश्रयांच्या भिंतींवर शिकारीचीं आणि नृत्याचीं चित्रें रंगवून ठेविलीं आहेत. आमच्या मालवण तालुक्यांतील कुडोपीच्या सड्यावर जशीं कातळांत कोरलेलीं चित्रें आहेत, तशींच तीं रंगविलेलीं. माणूस त्या रानांत साहेबाच्या आधीं फार काळ हिंडत-राहत होता, हें सांगण्यास याहून निराळी साक्ष नको.

आणि आपलीं मराठी माणसें? त्यांचा तर या डोंगरांशीं जुना घरोबा आहे. १८५८ च्या ऑक्टोबरअखेर तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेस आले, ते याच सातपुड्याच्या रानांतून मुलताईकडे गेले. नागपूर ही ज्या मध्यप्रांताची राजधानी होती, त्याचें उन्हाळ्यांतील ठाणें पचमढी. १९५६ पर्यंत विदर्भ आणि हा मुलूख एकाच राज्यांत होते. राज्यें निराळीं झालीं, तरी यात्रा निराळ्या झाल्या नाहींत. महाशिवरात्रीस विदर्भांतून हजारों माणसें चौरागडास जातात. डोंगरमाथ्यावरील महादेवास नवसाचे त्रिशूळ वाहण्याची तेथें चाल आहे. कित्येक त्रिशूळ एका माणसास उचलवणार नाहींत एवढे जड असतात. तीं लोखंडें खांद्यावर घेऊन लोक १३०० हून अधिक पायऱ्या चढतात. नागपंचमीच्या सुमारास तर नागद्वारीची यात्रा भरते. त्या वेळीं भर पावसांत, निसरड्या कड्यांवरून, ओढे ओलांडीत माणसें चालतात. या यात्रेंतही विदर्भांतील लोकांचाच भरणा मोठा, आणि त्यांत स्त्रिया असतात. कोणाच्या आई, कोणाच्या सुना, कोणाच्या आजी. कांखेंत पोर आणि डोक्यावर गांठोडें घेऊन त्या जातात, आणि वाटेंत मिळेल त्या आडोशास रात्र काढतात.

तेव्हां त्या आजोबांस आमचें नम्र सांगणें असें कीं, घळींतून चालणें आणि रानांत मुक्काम करणें हें साहेबाकडून आलेलें नाहीं. आलें असेल तर तंबूचें कापड आणि पाठीवरची पिशवी, एवढेंच. आमच्या कुणकेश्वरासही महाशिवरात्रीच्या यात्रेस गांवोगांवच्या देवस्वाऱ्या मैलोगणती पायीं चालत येतात, आणि अमावास्येस समुद्रस्नान करून परततात. त्यांतील चालणें कोणी शिकविलें? आणि मुलींच्या मर्यादेचा प्रश्न निघालाच आहे, तर ज्या सीतेचा आदर्श आपण घरोघरीं सांगतों, तिनें वनांत येऊं नको म्हणणाऱ्या रामाशीं केवढा वाद केला, तें अयोध्याकांडांत पुन्हा एकदां वाचून पाहावें.

आतां ती भूमि कशी आहे तें सांगतों. कारण मुलगी जाणार कोठें, हें ठाऊक नसतांना परवानगी देणें आणि नाकारणें दोन्ही सारखींच.

आमच्या कोंकणचा दगड जांभा. मूळ खडक पावसानें व उन्हानें जागच्या जागीं कुजून तो झालेला. खाणींतून काढतांना मऊ, आणि वाऱ्यावर पडला कीं टणक होणारा. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. पचमढीचा दगड या दोहोंहून निराळा. तो वालुकापाषाण, म्हणजे वाळूचाच दगड. सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीं, सह्याद्रीचा पाषाण जन्मास येण्याच्याही फार आधीं, या भागांतून मोठ्या नद्या वाहत होत्या. त्यांनीं आणलेली वाळू थरावर थर सांचली, आपल्याच भारानें दडपली गेली, कणाकणांमधून झिरपणाऱ्या पाण्यांतील द्रव्यांनीं सांधली गेली, आणि तिचा खडक झाला. कड्याकडे नीट पाहिलें, तर त्या थरांच्या तिरप्या रेघा आजही दिसतात. नदी कोणत्या दिशेस वाहत होती, हें जाणकारास त्या रेघांवरून सांगतां येतें. आमच्या धाकट्या नातवानें कड्याच्या तळाशीं बोट घासलें, बोटास लागलेले कण आम्हांस दाखविले आणि म्हटलें, "आजोबा, ही तर आपल्या किनाऱ्यासारखीच वाळू." भूगोलाचा तास आम्हीं चाळीस वर्षें घेतला, पण खडक म्हणजे काय, हें त्या पोरास त्याच्या बोटानें जितकें चांगलें शिकविलें, तितकें आमच्या फळ्यानें कोणास शिकविलें असेल असें वाटत नाहीं.

हा दगड सच्छिद्र आहे. पावसाळ्यांत तो पाणी पिऊन घेतो आणि पुढें महिनोन् महिने तें थेंबाथेंबानें सोडीत राहतो. खडकास उभ्या भेगा आहेत. त्यांतून पाणी उतरतां उतरतां भेगांच्या चिरा झाल्या आणि चिरांच्या घळी झाल्या. तिकडे त्यांस 'खोह' म्हणतात. हांडी खोह ही त्यांतील प्रसिद्ध घळ सुमारे ३०० फूट खोल आहे, आणि रजत प्रपाताची धार साडेतीनशें फुटांच्या सुमारास उंचीवरून पडते. वर पठारावर उन्ह रखरखत असतें, तेव्हां खालीं घळींत गारवा आणि ओल असते. त्यामुळें तेथें नेचे वाढतात. त्यांत झाडासारखें खोड धरणारे वृक्षनेचेही आहेत. साल हा पूर्वेकडील रानांचा वृक्ष, साग हा दक्षिण-पश्चिमेचा. या दोहोंची भेट या डोंगरांत होते. शेकरू ही मोठी खार, गवा, अस्वल, बिबट्या आणि वाघ हीं सर्व तेथील रहिवासी आहेत. सातपुड्याचें सर्वोच्च शिखर धूपगड येथेंच आहे. तें १३५० मीटर उंच. आपलें कळसूबाई त्याहून उंच भरेल, पण धूपगडावरून दिसणारें रान कळसूबाईवरून दिसत नाहीं.

'तीर्थ' हा शब्द 'तॄ' या धातूपासून आला. नदी जेथें उतरून ओलांडतां येते ती जागा, हा त्याचा मूळ अर्थ. इतर डोंगरांत देवाकडे वर चढावें लागतें. पचमढीस चौरागडावर चढावें लागतें हें खरें. पण जटाशंकर, महादेव आणि अनेक जलकुंड हे सारे खालीं उतरून गांठावे लागतात. उतरतांना शीण वाटत नाहीं आणि परततांना चढ लागतो. घळींतील वाटचालीचा सारा धोका आणि सारें शिक्षण या एका गोष्टींत आहे.

हें आमच्या तेथील तिसऱ्या दिवशीं सर्वांच्या ध्यानांत आलें. आमचा वाटाड्या कोरकू होता. चाळिशीचा, मितभाषी गृहस्थ. सकाळीं निघतांना त्यानें सांगून ठेविलें होतें कीं, दुपारचे तीन वाजले म्हणजे जेथें असाल तेथून परत फिरावयाचें. घळीच्या तळाशीं उन्ह लौकर संपतें, आणि अंधार पडल्यावर ती वाट माणसांची राहत नाहीं. वेळ पाहण्याचें काम त्यानें आमच्या सोळा वर्षांच्या नातीकडे दिलें. दोन तास उतरून आम्ही ओढ्याच्या पात्रांत आलों. आमचे गुडघे तेथेंच थकले आणि आम्ही एका शिळेवर बसलों. बाकीचीं पुढें निघालीं. पुढील वळणापलीकडून धबधब्याचा आवाज येत होता. इतक्यांत नात थांबली आणि म्हणाली, "बाबा, तीन वाजले."

आमचे चिरंजीव म्हणाले, "अग, दहा मिनिटांची तर वाट आहे. आवाज ऐकूं येतो आहे."

"दहा मिनिटें जायला, दहा यायला आणि दहा बघायला. तीन म्हणजे तीन, बाबा."

वाटाड्या खालीं पाहत उभा होता. शहरांतून आलेल्या साहेबाशीं वाद घालण्याची त्यास संवय नसावी. आमच्या घरांत चिरंजीवांच्या शब्दापुढें सहसा कोणी बोलत नाहीं. क्षणभर सारेच गप्प झाले. मग ते मुकाट्यानें मागें वळले. चढ चढून तंबूंशीं पोहोंचेतों समोरच्या माणसाचा चेहरा ओळखूं येईना इतका काळोख झाला होता. त्या रात्रीं धबधब्याचा उल्लेख कोणी केला नाहीं. फक्त जेवतांना चिरंजीवांनीं लेकीच्या पानांत आपल्या वांट्याचा गूळ वाढला.

त्या भगिनीच्या सासऱ्यांनीं उच्चारलेल्या 'मर्यादा' या शब्दाचा आम्ही तेव्हांपासून विचार करीत आहों. संस्कृतांत मर्यादा म्हणजे सीमा, शेताचा बांध, समुद्राची वेळा. कुणकेश्वराच्या मंदिराच्या पायथ्याशीं भरतीचें पाणी येतें आणि परत फिरतें. सागर मर्यादा ओलांडीत नाहीं असें आपले पूर्वज म्हणत आले, तें हेंच पाहून. मग मर्यादा हा बाहेर न जाण्याचा नियम कसा? जो बाहेर जातच नाहीं, त्यास कोठें थांबावें हें शिकण्याचा प्रसंग येतोच कोठें? मर्यादा म्हणजे जाऊन परत फिरण्याची विद्या. आमची नात ती घळींत शिकली, आणि वयानें व मानानें मोठ्या माणसासमोर नम्रपणें उभी राहून तिनें ती पाळून दाखविली. घरांत बसून हा धडा तिला आम्हीं दिला असता, तर तो केवळ उपदेश झाला असता.

आणखी एक गोष्ट विशेषतः एकत्र कुटुंबांच्या कानांवर घालावयाची आहे. आपलीं कुटुंबें सहलीस जातात, तेव्हां पुरुषांची आणि मुलांची सुट्टी होते. बायकांची चूल मात्र बरोबर येते. शिबिरांत कामांच्या पाळ्या लावाव्या लागतात. कारण तेथें सर्वांचे पाय सारखेच दुखतात. रानांतलें लांकूड तोडावयाचें नाहीं, म्हणून गॅसची लहान शेगडी होती. तिच्यावर पहिल्या दिवशीं आमच्या दोन्ही चिरंजीवांनीं खिचडी केली; ती खालीं लागली होती, पण वरची बरी होती. आमच्या सूनबाई त्या वेळीं पाय पसरून तंबूच्या दारांत सूर्यास्त पाहत बसल्या होत्या. लग्नानंतरच्या बावीस वर्षांत त्यांस असें बसलेलें आम्हीं प्रथमच पाहिलें. सोय होती ती दृष्टीआड होती, एवढाच त्याचा अर्थ.

आतां त्या आजोबांच्या बाजूनें दोन शब्द. त्यांची भीति खोटी नाहीं. ती चुकीच्या ठिकाणीं ठेविलेली आहे, इतकेंच. भय मुलीच्या दुबळेपणाचें नसावें. नेणाऱ्यांच्या निष्काळजीपणाचें असावें. बोरीचें जंगल १८६५ सालीं राखीव झालें, आणि देशांतील सर्वांत जुन्या राखीव जंगलांत त्याची गणना होते. सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ मध्यें झालें. आज हीं दोन्ही २१०० चौरस किलोमीटरांहून मोठ्या व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहेत. व्याघ्रप्रकल्पांत पायीं फिरण्याची मुभा देशांत थोड्याच ठिकाणीं मिळते. सातपुडा त्यांपैकीं एक. पण ती मुभा वाटाड्यासह आणि ठराविक वाटांपुरतीच आहे. वाटेल तेथें तंबू ठोकणें हा तेथें पराक्रम नव्हे, गुन्हा आहे. कड्यांस आग्या मोहोळें लटकलेलीं असतात. धूर, अत्तरें आणि आरडाओरड यांनीं माशा उठतात, आणि अरुंद घळींत पळावयास जागा नसते. वर कोठें पाऊस झाला, तर खालीं निरभ्र आकाश असतांही ओढ्यास लोंढा येतो.

म्हणून शिबिर नेणाऱ्यांस आजोबांनीं स्वतः कांहीं प्रश्न विचारावे. वनखात्याची परवानगी कोणत्या वाटेची आणि किती दिवसांची आहे? वाटाड्या स्थानिक आहे काय? बरोबर किती मुली आहेत, आणि त्यांच्यासमवेत जबाबदार वडील स्त्री कोण? सर्पदंश झाला किंवा पाय मोडला, तर किती तासांत कोणत्या रुग्णालयांत पोहोंचतां येईल? दूरध्वनि लागत नाहीं अशा ठिकाणीं निरोप कसा जाईल? रोज परत फिरण्याची वेळ कोण ठरवितो, आणि ती मोडण्याचा अधिकार कोणास आहे? या शेवटल्या प्रश्नास "कोणासही नाहीं" असें उत्तर आलें, तर शिबिर चांगलें समजावें. उत्तरें देण्याची टाळाटाळ झाली, तर मुलीस पाठवूं नये. मात्र मुलगाही पाठवूं नये. भारत स्काउट्स आणि गाईड्स या संस्थेचें राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीसच आहे. गाईड्स म्हणजे मुलीच. तेव्हां त्या भूमीस मुलींचे तंबू कांहीं नवे नाहींत.

रानाच्या बाजूनेंही एक गाऱ्हाणें मांडलें पाहिजे. यात्रेकरू श्रद्धेनें येतात आणि सहलकरी हौसेनें येतात. परंतु प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि पिशव्या दोघेही सारख्याच टाकतात. हरिणांच्या पोटांत जातांना ती पिशवी नवसाची कीं सहलीची, हें पाहिलें जात नाहीं. नागद्वारीची वाट वर्षांतून नागपंचमीच्या सुमाराचे दहाएक दिवसच उघडतात, आणि उरलेलें वर्षभर रान आपली झीज भरून काढतें; ही व्यवस्था आम्हांस फार शहाणपणाची वाटली. जो अतिथि नेमलेल्या दिवशीं येतो, नेमलेल्या जागीं बसतो आणि आपलें उष्टें आपण उचलतो, त्याचें कोणत्याही घरीं स्वागतच होतें. आमच्या मंडळींनीं पांच दिवसांचा कचरा दोन पोत्यांत भरून खालीं आणिला. तीं पोतीं वाहण्यावरून मुलांत भांडणें झालीं, हें कबूल. पण आलीं तीं पोतीं भरूनच.

तेव्हां त्या भगिनीस आमचें उत्तर असें. मुलीस अवश्य पाठवावें. पण सासऱ्यांच्या अपरोक्ष पाठवूं नये. वर लिहिलेले प्रश्न त्यांच्या हातीं द्यावे, त्यांनींच पत्र लिहावें, उत्तरें त्यांनींच तपासावीं, आणि मग होय कीं नाहीं तेंही त्यांनींच सांगावें. ज्याचा शब्द अखेरचा, त्यास अखेरचें काम दिलें म्हणजे शब्द बहुधा मोकळ्या मनानें निघतो. त्यांचे पाय चालत असतील, तर पचमढीपर्यंत त्यांनींही जावें. पठारावर पुष्कळ सपाट वाटा आहेत, आणि धूपगडाच्या माथ्याजवळपर्यंत वाहन जातें. नात घळींतून वर येईल तेव्हां कांठावर तिची वाट पाहत बसण्यास त्या ठिकाणीं शिळा भरपूर आहेत. त्यांतील एकदोन आमच्या ओळखीच्याही आहेत.